खाली नसलेला ठेका: 1982ची एक तबकडी

तारीख 26 ऑगस्ट 1982. तुम्ही चंद्रपुरात जटपुरा गेटपाशी उभे आहात. पाऊस नुकताच उघडलाय, रस्त्यावर चिखल आहे, सायकलरिक्षांची चाकं त्यात रुततायत. पानठेल्यावर चारपाच माणसं जमली आहेत आणि विषय एकच आहे: आजपासून जिल्हे दोन झाले. गडचिरोली वेगळा झाला. सिरोंचा, अहेरी, एटापल्लीच्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या कामासाठी आता चंद्रपूर गाठावं लागणार नाही. कोणी त्यावर खूश आहे, कोणी म्हणतंय, ‘जंगल तिकडे गेलं जी, आपल्याकडे कोळसा राहिला.’ शहराच्या कडेला दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचं काम चालू आहे. पहिला संच पुढच्या वर्षी सुरू होईल.

ठेल्यावरच्या ट्रान्झिस्टरवर विविध भारती लागलंय. नीट कान द्या. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झाली, तरी नाझिया हसनचा आवाज काही हटायला तयार नाही. आता वरातीच्या बँडवाल्यांनाही डिस्को वाजवावा लागतो. तीनचार महिन्यांत, डिसेंबरात, ‘डिस्को डान्सर’ येणार आहे आणि बप्पी लाहिरींचा ठेका गल्लीबोळात शिरणार आहे. तुम्हाला हे ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. ठेल्यावरच्यांना ठाऊक नाही. त्यांना सांगू नका. तुम्हाला गाडी पकडायची आहे.

बल्लारशाहून आलेल्या गाडीत चढा. भांदक, वरोरा, हिंगणघाट. खिडकीबाहेर कपाशी आणि तूर. वर्ध्याला गाडी बदला. मग बडनेरा, अकोला, भुसावळ, रात्रभर तो लांबलचक पल्ला आणि पहाटे कसाऱ्याचा घाट. दादरला उतरलात की शहर जरा वेगळंच भासेल. 18 जानेवारीपासून कापडगिरण्यांचा संप चालू आहे. अडीच लाख कामगार घरी बसलेत, गिरणगावातले भोंगे गप्प आहेत. मुंबईचा एक जुना ठेका बंद पडलाय, आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, एक माणूस एचएमव्हीसाठी नव्या यंत्रांवर दहा राग वाजवणार आहे. तुम्ही त्याच्यासाठीच आला आहात.

त्याचं नाव चरणजित सिंग. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याचं वाजवणं ऐकलेलं आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’च्या मागे जो घुमणारा, नशेचा स्वर सतत धरून ठेवलेला आहे, तो त्याच्या ट्रान्झिकॉर्डचा. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे फारफिसा कंपनीचं, अकॉर्डियनसारखं गळ्यात अडकवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात आणि इतर संगीतकारांकडेही त्याने बेस गिटार वाजवली, हवाईयन गिटार वाजवली, नवं आलेलं प्रत्येक वाद्य वाजवून पाहिलं. फिल्मी गाण्यांच्या नुसत्या धुनांच्या तबकड्या त्याच्या नावावर आहेत. लग्नसमारंभांत, पार्ट्यांत तो स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवतो, पत्नी सुपर्णा त्यात गातात. मुंबईच्या फिल्मी संगीतात अशी माणसं शेकडो होती. गाणं गायकाच्या नावावर, मग संगीतकाराच्या, मग नायकाच्या. वाजवणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत आणि तो दुसऱ्या स्टुडिओकडे पळे.

आता आत या. आवाज करू नका. टेबलावर तीन यंत्रं मांडलेली आहेत, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची, तिन्ही नवीकोरी.

सर्वांत मोठं यंत्र ज्युपिटर-8. हे 1981चं मॉडेल. 61 पट्ट्या, वर रंगीत बटणांची लांब ओळ, आणि एका वेळी आठ स्वर धरण्याची ताकद. याच्यावर राग वाजणार आहे. दुसरं टीआर-808, ठेका धरणारं यंत्र. त्याच्या आत कुठल्याही ढोलाचं ध्वनिमुद्रण भरलेलं नाही. प्रत्येक ठोका विजेच्या मंडलातून जागच्या जागी तयार होतो. तिसरं सर्वांत लहान, चंदेरी प्लास्टिकची पेटी, टीबी-303. ही बॅटरीवरही चालते.

808च्या खालच्या कडेकडे वाका. तिथे ओळीने 16 बटणं आहेत: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. तुम्ही तबल्याच्या क्लासला दोन महिने जरी गेला असाल तरी हात आपोआप टाळी धरू लागेल. 16 मात्रा, चारचारांचे चार विभाग. हा तर तीनताल झाला! जपानी अभियंत्यांनी तीनताल डोक्यात ठेवला नव्हता. त्यांनी पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या एका मापाचे सोळा तुकडे केले होते. पण समोर बसलेल्या माणसाच्या बोटांना हा हिशेब लहानपणापासूनचा आहे.

तो पहिलं बटण दाबतो, मग पाचवं, मग नववं, मग तेरावं. चार विभागांच्या चार पहिल्या मात्रांवर जाड, खोल ठोका. हाच डिस्कोचा ठेका. आता नववी मात्रा ऐका. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली असते. तिथे डग्ग्याची घुमारदार ‘गे’ नाहीशी होऊ लागते, वजन हलकं होतं, आणि त्या हलकेपणामुळे ऐकणाऱ्याला कळतं की आवर्तन अर्धं झालं, सम आता परतीच्या वाटेवर आहे. डिस्कोत खाली नाही. नवव्या मात्रेवरही पहिलीइतकाच भार पडतो. म्हणजे प्रत्येक ठोका सम आहे, किंवा एकही नाही. ही या तबकडीतली सर्वांत धाडसी गोष्ट आहे. चरणजित सिंगने पुढे एका मुलाखतीत या कल्पनेचा उगम साध्या शब्दांत सांगितला: त्या काळी सिनेमात सगळीकडे डिस्को होता, मग डिस्कोचाच ठेका घेऊन काही वेगळं का करू नये, राग वाजवावेत आणि तबला बंद ठेवावा. तबला बंद ठेवणं हे बोलायला सोपं आहे. रागसंगीतातून तबला काढला की आवर्तनाचा आधार निघून जातो. त्या जागी त्याने न थकणारं, न चुकणारं, खाली न दाखवणारं यंत्र बसवलं.

आता त्या चंदेरी पेटीजवळ बसा. 303 रोलँडने काढली ती एकट्याने गिटार वाजवणाऱ्यासाठी. जोडीला बेस वाजवणारा मिळाला नाही तर या पेटीने ती जागा घ्यावी, असा बेत होता. ताडाओ किकुमोतो या अभियंत्याची ही करामत. तिच्यात चाल भरणं मात्र किचकट. आधी फक्त स्वर भरायचे, एकामागून एक. मग वेगळ्या अवस्थेत जाऊन त्याच स्वरांची लय भरायची: इथे स्वर, इथे लांबव, इथे थांब. दोन्ही जुळलं की सोळा पायऱ्यांची एक चाल तयार. बॅटरी काढली की भरलेलं सगळं पुसलं जातं. गिटारवाले कंटाळले, आवाजही खऱ्या बेससारखा नव्हता. 1984पर्यंत रोलँडने ती बंदच करून टाकली. जेमतेम दहा हजार पेट्या निघाल्या.

पण तिच्यात दोन गोष्टी आहेत, आणि राग वाजवणाऱ्या माणसाच्या नजरेतून त्या सुटणं शक्य नाही. पहिली स्लाइड. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय. मींड! गणिती, दर वेळी सारख्याच वेळात होणारी, पण मींडच. दुसरी गोष्ट, पेटीच्या वरच्या अंगाला ओळीने बसवलेल्या छोट्या खुंट्या. त्यातली कट-ऑफची खुंटी आवाजातले वरचे अंश कापते. बंद ठेवली तर स्वर ‘ऊ’सारखा दबलेला येतो, उघडत नेली की ‘ऊ’चा ‘ओ’, ‘ओ’चा ‘आ’ होत तो खुलतो. शेजारची रेझोनन्सची खुंटी वाढवली की त्यात नाकातला टोकदारपणा येतो. स्वर तेच राहतात, लय तीच राहते, बदलतो फक्त स्वराचा लगाव.

808मधून एक तार 303मध्ये गेली आहे. एक बटण दाबलं की दोघं एकत्र सुटतात, 808 ठेका धरतं, 303 बेस. आता दोन्ही हात ज्युपिटरसाठी मोकळे झाले. रोलँडने ज्या एकट्या वादकाची कल्पना केली होती, तो तुमच्या समोर बसलाय.

पहिला राग भैरव. सुरुवातीला ठेका नाही. आधी थोडा आलाप, कोमल रिषभ, कोमल धैवत. पट्टी दाबून आंदोलन येत नाही, म्हणून स्वरांच्या मधल्या जागेतून घसरत जावं लागतं. मग एकाएकी खालून ठेका उसळतो, बेस चालू होतो, आणि वर राग धावू लागतो. पाच मिनिटांत भैरव संपतो. मग ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती. तबकडी उलटली की मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकी साधारण पाच मिनिटं. गाणं नाही, शब्द नाहीत, साथीला दुसरा माणूस नाही.

ललितपाशी थोडे थांबा, कारण तिथे ही कल्पना सर्वांत कठीण परीक्षा देते. ललितात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात. पाश्चात्त्य बेसची सगळी सवय षड्ज-पंचमाच्या जोडीवर उभी असते. ललितात ती जोडी वापरली की राग मोडला. मालकंसातही पंचम नाही, रिषभही नाही. म्हणजे प्रत्येक रागासाठी 303मध्ये वेगळी चाल भरावी लागणार, आणि ती रागाच्या कायद्यात बसावी लागणार. इथे या माणसाचं शिक्षण दिसतं. नुसता यंत्रांचा शौकीन असता तर एकच बेस दहाही ठिकाणी चालवला असता.

आणि इथेच कळतं की राग आणि ही पेटी एकमेकांना का मानवतात. फिल्मी गाण्यात कॉर्ड बदलत राहतात. सोळा पायऱ्यांची एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवली तर तिसऱ्या ओळीला ती गाण्याशी भांडू लागते. रागात कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही. तंबोरा हेच करतो. म्हणून त्याच त्या बेसवर राग कितीही फिरू शकतो, आणि फिरताना कुठेही अडखळत नाही. यंत्राची जी मर्यादा, ती रागाची मूळची रीत निघाली.

एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि तो खरा आहे. या पट्ट्यांवर श्रुती नाहीत. बारा स्वर, सगळे समान अंतरावर. तोडीतला गंधार जितका उतरलेला हवा तितका इथे उतरत नाही. पण हा वाद 1982च्या आधीचा आहे. हार्मोनियमवर हाच ठपका ठेवून आकाशवाणीने 1940 साली तिला बाहेर काढलं आणि सत्तरच्या दशकापर्यंत आत घेतलं नाही. तेवढ्या वर्षांत महाराष्ट्राने काय केलं? घरोघरी पेटी वाजवली. संगीत नाटकांनी तर पायाने भाता मारायचा परदेशी ऑर्गन रंगमंचासमोर ठेवला आणि त्याच्या सुरावर बालगंधर्वांचं गाणं ऐकलं. तुम्ही ज्या भागातून आला आहात तिथे, वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या गावांत, दिवाळीनंतर मंडई भरली आणि शंकरपट झाले की रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. त्यातही ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष वाजतो, आणि आता त्यांच्या जोडीला ऑक्टोपॅडही आला आहे. धान कापून बंडीतून नाटकाला आलेल्या प्रेक्षकाने ऑर्गन परका म्हणून कधी उठवला नाही. वाद्य कुठून आलं हे आपल्या लोकांनी फारसं पाहिलं नाही. सूर लागला की बसले.

म्हणून चरणजित सिंगला एकटा वेडा ठरवू नका. त्याच्या आधी 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला होता, गीता साराभाईंसह काहीजण त्यावर प्रयोग करत होते. पण त्या ध्वनिफिती कपाटात राहिल्या. 1970 साली आनंद शंकरने सतारीला मूगची जोड दिली. मुंबईत केर्सी लॉर्डने सत्तरच्या दशकात मूग फिल्मी संगीतात आणला. चरणजितचं वेगळेपण असं की त्याची संपूर्ण तबकडी विजेच्या वाद्यांवर उभी आहे, सतार किंवा बासरीचा आधारसुद्धा नाही, आणि ती देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने दुकानात विकायला ठेवली. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचं नाव.

आता पुढे चला. 1983. तबकडी दुकानात आहे, पण तिला कप्पा नाही. शास्त्रीय संगीताच्या कप्प्यात ठेवावी तर तबला नाही, मैफलीतला विस्तार नाही. डिस्कोच्या कप्प्यात ठेवावी तर गाणं नाही. वाद्यांवरच्या तबकड्या तेव्हा विकल्या जात, व्हॅन शिप्लेची गिटार लोक आवडीने ऐकत, पण त्यात ओळखीच्या गाण्याची चाल असे. इथे ओळखीचं काहीच नाही. रेडिओवर तिचे काही तुकडे वाजले आणि विषय संपला. विक्री झाली नाही. चरणजित पुन्हा आपल्या कामाला लागला.

1987. तुम्ही अमेरिकेत शिकागोला आहात. फ्यूचर नावाच्या तीन तरुणांच्या चमूने ‘अॅसिड ट्रॅक्स’ नावाची तबकडी काढली आहे. त्यात तीच चंदेरी पेटी आहे, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली. त्यांनी चाल फिरत ठेवली आणि खुंट्या पिळत राहिले. त्यातून अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला आणि युरोपभर पसरला. मुंबईतली तबकडी त्यांनी ऐकली नव्हती. ऐकायचा मार्गच नव्हता.

2002. दिल्ली. एडो बाउमन हा डच संग्राहक जुन्या तबकड्या धुंडाळताना एका दुकानात चरणजितची तबकडी उचलतो. सुई ठेवतो आणि थक्क होतो. तो पुढे मुंबईत चरणजितला शोधून काढतो, आणि 2010 साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे तबकडी पुन्हा काढतो. या वेळी जग ऐकतं. इतकं अचंबित होतं की काहींना ही बनवाबनवी वाटते, कुणा पाश्चात्त्य संगीतकाराने जुन्या तारखेची खोटी तबकडी रचली असावी असा संशय घेतला जातो. नंतरच्या वर्षांत सत्तरीच्या आसपासचा चरणजित युरोपात जाऊन हेच राग वाजवतो आणि त्याच्या नातवंडांच्या वयाची मुलं नाचतात. जुलै 2015 मध्ये मुंबईत त्याचं निधन झालं.

तबकडी पुन्हा निघाल्यापासून त्याच्या नावामागे एक बिरुद चिकटलंय: अॅसिड हाउसचा आद्य पुरुष. या प्रवासात तुम्ही तिन्ही यंत्रं जवळून पाहिली आहेत, तेव्हा हे बिरुद त्याला लहान करतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शिकागोच्या मुलांनी पेटीचा तिच्या हेतूपलीकडे जाऊन उपयोग केला, आणि त्यांचं श्रेय त्यांचंच. चरणजितने ती ज्या कामासाठी बनली होती त्याच कामाला लावली: एकट्या वादकाला साथ द्यायला. गिटारवाल्यांना जी साथ खोटी वाटली, ती त्याच्या रागाला पुरली, कारण त्याला हलणारा बेस नको होता, स्थिर षड्ज हवा होता. शिकागोत पुढे काही झालंच नसतं तरी ही तबकडी तितकीच मोलाची ठरली असती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणाऱ्या माणसाने एकदा साथीचं काम यंत्रांना दिलं आणि मुख्य सूर स्वतःकडे घेतला. ही त्याची खरी कामगिरी आहे. ती समजायला रागाची थोडी ओळख पुरते, आणि ती ओळख आपल्याकडे आहे.

तेव्हा ही तबकडी ऐका. आता ती सहज मिळते. मालकंस रात्री ऐका, बैरागी सकाळी, आणि नवव्या मात्रेवर लक्ष ठेवा. आणि येत्या हंगामात वडसा, मूल किंवा आरमोरीच्या बाजूला झाडीपट्टीचं नाटक बघायला गेलात, तर नटनट्यांच्या नावांसोबत ऑर्गनवर कोण होतं, तबल्यावर कोण, ऑक्टोपॅडवर कोण, हेही विचारून तारखेसह लिहून ठेवा. चरणजित सिंगला शोधायला परदेशातून माणूस यावा लागला, आणि तोही तबकडीवर त्याचं नाव छापलेलं होतं म्हणून. आपल्या वादकांच्या तबकड्या नाहीत. त्यांची नावं आपणच लिहिली पाहिजेत.